कापड आटलं

मास्तरांनी उभ्या आयुष्यात एकाही बाईला तिची कंबर किती आहे ते सांगितलं नव्हतं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपीकामातले. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि तोंडात साखर. टेप कमरेभोवती फिरवायचे, आकडा मनातल्या मनात वाचायचे आणि “वा, छान!” म्हणून टेप गुंडाळून ठेवायचे. काय छान, ते देवालाच ठाऊक.

वर्षभरापूर्वीचा ड्रेस अंगात जाईना म्हणून एखादी तणतणत आली, की मास्तर तो ड्रेस उजेडाला धरायचे, कापड चिमटीत चोळायचे आणि दुःखाने मान हलवायचे. “कापड आटलं, बाई. हल्लीच्या कापडात दमच नाही.” बाईचा जीव भांड्यात पडायचा. ती वाढली नव्हती, कापड आटलं होतं! मग मास्तर काय करायचे? प्रत्येक शिवणीच्या आत त्यांनी दोन बोटं कापड आधीच दुमडून ठेवलेलं असायचं. त्याला ते मार्जिन म्हणत. जुनी टीप उसवायची, मार्जिन सोडायचं, नवी टीप मारायची, वरून इस्त्री. झालं काम! दुसऱ्या दिवशी बाई आरशासमोर गिरकी घेऊन खूश, आणि शिंपी असावा तर असा, असं चार जणींना सांगायला मोकळी.

या थापांची खरी मजा लुटली जायची ती वरच्या मजल्यावर. खाली दुकान, वर घर आणि मधे उभाच्या उभा लाकडी जिना. वर खिडकीशी मास्तरीणबाई बसायच्या. काज-बटणं आणि हातशिलाई त्यांच्याकडे. खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली यायची, कपडे तिच्यातून वर जायचे आणि तयार होऊन खाली यायचे. दुकानातला शब्द न् शब्द वर ऐकू जायचा. जेवायला बसलं, की बाई नवऱ्याची हुबेहूब नक्कल करायच्या, “कापड आटलं, बाई!” आणि दोघं ठसका लागेपर्यंत हसायची. “अहो, त्या दवाखान्यातल्या नर्सचं कापड तर दर सहा महिन्यांनी आटतं!” लोकांचं गिऱ्हाईक करण्यात या जोडप्याचा संसार मोठा सुखाचा चालला होता.

मग गुडघा आला. म्हणजे गुडघा आधीपासून होताच, पण तो आहे हे बाईंना आता रोज कळायला लागलं. बसून बसून वजन वाढलं, वजनाने गुडघा धरला आणि गुडघा धरला म्हणून आणखी बसणं आलं. आधी बाजार सुटला, मग शेजार सुटला, शेवटी जिनाच सुटला. खालचा रस्ता खिडकीतून दिसेल तेवढाच राहिला.

समोरच्या गोदामातल्या दोन हमालांनी बाईंना खुर्चीत बसवून खाली उतरवलं, तेव्हा कुठे मास्तर त्यांना दवाखान्यात नेऊ शकले. डॉक्टर फटकळ होते. “ऑपरेशन होईल, बाई. पूर्वीसारख्या चालाल. पण आधी वजन उतरवा. या वजनावर मी तुमच्या गुडघ्याला हात लावणार नाही. तीन महिन्यांनी या. उतरलं असेल तर तारीख देतो, नसेल तर मलम चोळा आणि बसून राहा.”

घरी आल्यावर बाई खिडकीतून खाली बघत बसल्या. “मला एकदा या जिन्यावरून माझ्या पायांनी जा-ये करायचीय हो,” एवढंच म्हणाल्या. एरवी कोणालाही गोड बोलून वाटेला लावणारे मास्तर उठून मलमाची डबी शोधायला लागले.

अशा प्रसंगी धावून आली बाईंची धाकटी बहीण. काठीला ड्रेस अडकवावा तशी अंगलट, आणि फोनवर डाएटचे व्हिडिओ बघून बघून अर्धी डॉक्टर झालेली. बाकीचं अर्धं शिकायची तिला गरज वाटली नव्हती.

“ताई, उपाशी मुळीच राहायचं नाही,” धाकटीने सुरुवात केली. “जेवण निम्मं करायचं. आणि मधेच भूक लागली, की असं काहीतरी तोंडात टाकायचं, ज्यात कॅलरी अगदी कमी. भूक मरते आणि वजन उतरतं.”

“काकडी?” ताईंनी विचारलं.

“चालते.”

“गाजर?”

“चालतं.”

“मक्याच्या लाह्या?”

“चालतात की.”

“फुटाणे? बदाम? दही? सफरचंद?”

“चालतं गं, सगळं चालतं. मूठभर.”

यातला ‘मूठभर’ हा शब्द खिडकीतून कुठेतरी उडून गेला आणि ‘चालतं’ तेवढं घरात कायमचं राहायला आलं. दोन-चार दिवसांत ते खाण्याचं नावच होऊन बसलं. “अहो, जरा चालतं पाठवा!” अशी वरून हाक यायची, रिकामी टोपली खाली यायची आणि मास्तर हातातलं काम टाकून ती भरायचे. सकाळी चालतं, दुपारी चालतं, जेवणाआधी चालतं, जेवण निम्मंच झालं म्हणून जेवणानंतर चालतं. त्या घरात बाई सोडून सगळं चालत होतं.

भूक लागली की खा, असं धाकटी म्हणाली होती. पण बाई तिच्याहून हुशार. भुकेला मुळात येऊच कशाला द्यायचं? ती दारात दिसायच्या आधीच तिचा बंदोबस्त व्हायचा. कोरड्या लाह्या घशात अडकतात म्हणून त्यांना नुसता लोण्याचा हात. गाजर एकटं बिचारं कसं खायचं, म्हणून सोबत दही. दही आंबट, म्हणून त्यात मध, आणि मध काय, औषधीच. सफरचंद चालतं, मग सफरचंदाच्या जॅमने काय घोडं मारलंय? काकडीला मात्र बाईंनी काही लावलं नाही. काकडी त्यांना आवडतच नसे.

वजनकाटा घरात नव्हता. “आणूच नकोस,” धाकटीने बजावलं होतं. “आकडा बघितला की मन खचतं. आपले कपडे आपल्याला सांगतात. दर रविवारी एकच ड्रेस घालून बघ. सैल झाला, की समज.” डॉक्टरांकडे घालून गेलेला हिरवा ड्रेस बाईंनी त्यासाठी काढून ठेवला. आणि हा सल्ला दिला कोणाला, तर शिंप्याच्या बायकोला!

पहिल्या रविवारी हिरव्या ड्रेसची बटणं जेमतेम काजांना भेटली. दुसऱ्या रविवारी भेटलीच नाहीत. बाई रडल्या. साधंसुधं नव्हे, हुंदके देऊन. “अर्धपोटी राहून माझी ही गत! नाही व्हायचं माझ्याच्याने. राहते इथेच बसून, आता मला न्यायचं ते खांद्यावरूनच!” आणि ड्रेस टोपलीत फेकून टोपली दिली खाली सोडून.

मास्तरांच्या हातात ड्रेस पडला आणि त्यांच्या हातांनी जन्मभर केलं तेच केलं. टीप उसवली, मार्जिन थोडं सोडलं, नवी टीप मारली. जुन्या टिपेची भोकं दिसू नयेत म्हणून ओलं फडकं ठेवून वाफ दिली. इतकं सफाईदार काम त्यांनी कुठल्या गिऱ्हाइकासाठी केलं नसेल. “अगं, चुरगळला होता, इस्त्री केलीय,” असं खालूनच ओरडून टोपली वर पाठवली. “आता घालून बघ!”

वरून किंकाळी आली. आनंदाची. “अहो, बसला! लाह्या लागू पडल्या!”

मास्तरांच्या जिभेवर खरं आलं होतं हो, अगदी टोकावर. पण बाई कित्येक दिवसांनी गुणगुणत होत्या, आणि मास्तर मुलखाचे भित्रे. पुढच्या रविवारी सांगू, म्हणाले. पुढच्या शनिवारी बाईंनी ड्रेस आपण होऊन इस्त्रीला खाली पाठवला. मग दर शनिवारी पाठवू लागल्या.

बाईंचं अख्खं आयुष्य सुई-दोऱ्यात गेलेलं. ड्रेस एकदा उलटा करून बघितला असता, तरी सगळं उघडं पडलं असतं. पण उलटा करावा असं त्यांना वाटेल कशाला? सुलट बाजूने सगळं इतकं झकास चाललं होतं! धाकटीने तर ‘माझ्या ताईचं बघा’ म्हणून दहा ठिकाणी कळवून टाकलं. रस्त्याने जाणाऱ्या बायका मान वर करून विचारायच्या, “मास्तरीणबाई, काय खाता हो?” आणि बाई खिडकीतून सगळ्यांना लाह्या, फुटाणे न् जॅम सांगायच्या. महिनाभरात मास्तरांच्या दुकानात आटलेल्या कापडांची ही गर्दी!

मास्तर मात्र काळजीने रोडावले. चालतं खाऊन वजन घटलं असेल तर ते एवढं एकच, आणि तेही न खाता. बगलेची शिवण संपली, पाठीची संपली, कमरेची संपली. दवाखान्याच्या आदल्या दिवशी त्यांनी शेवटची टीप मारली, ती कापडाच्या अगदी काठावरून. आता सोडायला दोराभरही कापड उरलं नव्हतं. वर बाई त्या ड्रेसमध्ये आरशासमोर बसून म्हणत होत्या, “अहो, ऑपरेशन झालं ना, की पहिल्यांदा मी खाली येऊन दुकानात बसणार बरं का. गिऱ्हाइकांची तोंडं बघायचीत मला.”

सकाळी तेच दोघे हमाल आले. खुर्ची उचलली मात्र, थोरला हमाल थबकला. पाठीला वजन कळायला काटा लागत नाही. “मास्तर, मागल्या खेपेला तर—” एवढंच म्हणाला आणि मास्तरांनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. “पुढच्या वेळी तुम्हाला त्रास नाही हो,” बाई खुर्चीतून म्हणाल्या. “मी चालत येईन.”

वाटेत मास्तरांनी मोठ्याने घसा खाकरला. “काय हो?” बाईंनी विचारलं. “काही नाही,” मास्तर म्हणाले. “धूळ गेली.”

दवाखान्यात काट्याशी तीच नर्स उभी होती, जिचं कापड दर सहा महिन्यांनी आटायचं. बाई काट्यावर चढल्या, आणि नर्सने आकडा वाचला. डॉक्टरांनी जुना कागद बघितला, नवा आकडा बघितला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बाई, वजन वाढलंय. चांगलंच वाढलंय.”

“काटा बिघडलाय तुमचा!” बाई हसत म्हणाल्या. “ड्रेस बघा ना माझा. किती सैल झालाय!”

“मी गुडघा कापतो, ड्रेस नाही,” डॉक्टर म्हणाले. “तारीख मिळणार नाही.”

बाईंचं हसू मावळलं. त्या वळल्या, आणि भरवशाने, केवढ्या भरवशाने म्हणाल्या, “अहो, तुम्ही सांगा ना यांना! तुम्ही शिवलाय हा ड्रेस. तुमच्याएवढं माप कोणाला कळतं? झालाय की नाही सैल?”

मास्तरांचा हात गळ्यातल्या टेपेकडे गेला. तोंड उघडलं. आता तरी खरं बोला की! पण तोंडाला जन्माची सवय. ते डॉक्टरांकडे न बघता, बायकोकडे न बघता, भिंतीकडे बघत पुटपुटले, “कापड... कापड सैलावलं असेल, बाई.”

‘बाई’ म्हणाले. बायकोला!

त्या सुराची नक्कल करत बाई इतकी वर्षं हसल्या होत्या. त्यांना दुसऱ्या कोणी काही सांगायची गरज उरली नाही. त्यांनी बगलेची शिवण चिमटीत धरली आणि बोटाने आत चाचपलं. आत काहीच नव्हतं. नर्सही नकळत स्वतःच्या कमरेची शिवण चाचपायला लागली.

“लोकांचं करता करता माझंही गिऱ्हाईक केलंत,” बाई म्हणाल्या.

दुकानाशी आल्यावर हमाल खुर्ची जिन्याकडे वळवायला लागले, तर बाईंनी हात आडवा केला. “वर नाही. इथे दुकानात ठेवा.” बाकावर एक बाई पिशवीत ड्रेस घेऊन वाट बघत बसली होती. तिच्या देखतच बाई म्हणाल्या, “टेप काढा. माझं माप घ्या.”

“अगं, गिऱ्हाईक बसलंय...”

“बसू दे. घ्या माप. आणि तोंडाने सांगा.”

मास्तरांनी टेप फिरवली. ओठातल्या ओठात काहीतरी बोलले.

“मोठ्याने! वरच्या खिडकीत ऐकू जाईल असं!”

आणि मास्तरांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा एका बाईची कंबर मोठ्याने सांगितली. निम्म्या आकड्यावरच त्यांचा आवाज फाटला. बाकावरचं गिऱ्हाईक मुकाट्याने पिशवी उचलून चालतं झालं.

धाकटीचा फोन वाजत होता, तो कोणी उचलला नाही. मास्तर खुर्चीपाशी गुडघ्यावर बसून लहान मुलासारखे रडत होते. “मला तुझं रडणं बघवेना गं,” म्हणत होते.

“मग मला बघू द्या तुमचं,” बाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातून निसटलेलं टेपेचं टोक उचललं आणि परत त्याच्या हातात दिलं. “मी आता वर जाईन ती माझ्या पायांनी. तोवर इथेच राहणार, या मशीनशेजारी. आणि रोज सकाळी तुम्ही मला आकडा सांगणार. चला, पुसा डोळे. पुन्हा सांगा, मला अर्धाच ऐकू आला.”