न दिसणाऱ्या किरणासमोर

आमच्या घरात अंगारे-धुपारे कधीच नव्हते. विहारात वंदना, घरी पुस्तकं आणि 'कशावरून?' असं कुणालाही विचारायची मुभा — यात मी वाढले. पुढे फिजिक्स केलं. त्यामुळे असले गूढ अनुभव मी करमणूक म्हणूनच वाचायचे... आज स्वतः लिहायला बसलेय. पदरचं काही घालत नाही.

आम्ही मूळचे नांदेडचे. बाबा रेल्वेच्या ऑफिसात होते, बदली होऊन हैदराबादला आले आणि नल्लकुंट्यात राहिले. काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी पूर्ण गेली, त्याला चार वर्षं झाली.

मी इथल्या एका प्रयोगशाळेत टेराहर्ट्झ लेसरवर काम करते. सोपं करून सांगायचं तर दोन मीटरच्या काचेच्या नळीत मिथेनॉलची विरळ वाफ भरायची आणि एका टोकाने कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण आत सोडायचा. तो शोषून वाफेतले रेणू दुसऱ्या टोकाला टेराहर्ट्झ किरण देतात. दोन्ही किरण डोळ्यांना दिसत नाहीत. बाहेर येणारा अगदी क्षीण असतो, पण आत सोडतो तो कागद जाळतो.

"म्हणजे तुलाही तो उजेड दिसत नाही?" बाबांनी एकदा विचारलं होतं.

"कुणालाच नाही, बाबा."

"मग तिथं आपण दोघं सारखेच की," असं म्हणून ते हसले होते.

गेल्या वर्षी एका शनिवारी दुपारी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घरी नेत होते. सोमवारी पाहुणे नळी बघायला येणार होते आणि तिचं आउटपुट सारखं पडत होतं. म्हटलं, वाटेत तासभर थांबू.

आमचे टेक्निशियन रशीदभाई तिथेच होते. "मॅडम, चाचा को इधरीच बिठाऊं?" म्हणत त्यांनी बाबांना कंट्रोल डेस्कच्या आडोशाला, जाड पडद्यामागे खुर्ची दिली. चहा दिला. मग ते कॉम्प्युटरसमोर बसले.

मी झाकण काढून किरण नळीत वळवणारा आरसा जुळवायला घेतला. आता कबूल करते — किरणापासून डोळे वाचवणारा चष्मा घामाने धुरकट होत होता म्हणून मी तो काढून ठेवला. असं कधीच करायचं नसतं. नळीच्या उंचीला वाकून एक स्क्रू केसभर फिरवत होते. स्क्रीनवर रेष हळूहळू वर चढत होती. "आ रहा, मॅडम," रशीदभाई म्हणाले.

तेवढ्यात पडद्यामागून बाबांचा आवाज आला. "माय, मागं ये."

आवाज चढवलेला नव्हता. मला वाटलं, पाणी हवं असेल. मी सरळ झाले, त्यांच्याकडे वळून दोन पावलं टाकली — आणि पाठीमागे टक् झालं. जळका वास आला. रशीदभाईंनी लगेच लाल बटण दाबलं.

आरशाची पकड निसटली होती. किरण बाजूला फिरून मागच्या काळ्या पुठ्ठ्यावर आदळला होता. पुठ्ठ्याला नखाएवढं भोक पडलं होतं. मी पुन्हा वाकून पाहिलं... बरोबर माझ्या उजव्या डोळ्याच्या रेषेत.

बाबा शांतपणे विचारत होते, "लागलं तर नाही ना तुला?"

"नाही. पण तुम्ही का हाक मारली?"

"माहीत नाही गं. मारावी वाटली."

मी प्रत्येक शक्यता तपासली. पकड निसटण्याचा आवाज त्यांना आधी आला असेल? पण व्हॅक्यूम पंपाच्या घरघरीत शेजारी उभी असून मला काही ऐकू आलं नव्हतं. रेकॉर्ड काढलं. पकड सुटेपर्यंत आउटपुटची रेष न अडखळता चढत होती. बाबांनी हाक आधी मारली याला रशीदभाई साक्षीदार आहेत. ते एवढंच म्हणाले, "पूछो नक्को, मॅडम. शुक्र करो."

पण मला विचारल्याशिवाय राहवेना. पंधरा दिवसांनी बाबांना पुन्हा नेलं. सगळं झाकून, चष्मा लावून, किरण कधी चालू कधी बंद करत विचारत गेले — "आता आहे? आता?" निम्मी उत्तरं चुकली. नाणं उडवल्यावरही तेवढीच बरोबर आली असती.

परतताना रिक्षात मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला तर किरणातलं काहीच कळत नाही."

"कुठं कळतंय," ते म्हणाले. "त्या दिवशी तरी मशीनकडं कुठं लक्ष होतं माझं? मी तुझ्याकडं लक्ष देऊन बसलो होतो."

त्या अपघाताचा रिपोर्ट मी लिहिला. चष्मा काढल्याची चूकही लिहिली. मी जागेवरून का हलले, या प्रश्नापुढे लिहिलं — वडिलांनी बोलावलं म्हणून.