काळ्या ग्रीसची न फोडलेली पुडी

शनिवारी सकाळी पांढरे कपडे तारेवर वाळत होते आणि कामाचे कपडे मशीनपाशी ढीग होऊन पडले होते. नोरीनच्या खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून धुणं वेंडेल रकमनकडे आलं होतं. बासष्ट वर्षांच्या त्या माणसाने इंजिनं हजार उघडली असतील, पण चादर सरळ वाळत घालायला तो अजून शिकलेला नव्हता. नोरीन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बायबल उघडून बसायची आणि तिथूनच सूचना द्यायची.

"खिसे बघ आधी. मागच्या खेपेला पेन्सिल गेली मशीनमध्ये."

"बघतोय."

उन्हाळा तोंडावर आला होता, म्हणून थंडीतला गुडघ्यापर्यंतचा जाड अंगरखा धुऊन पेटीत ठेवायचा होता. एप्रिलपासून तो शेडच्या दारामागे टांगलेला होता. वेंडेलने एका खिशातून चिंधी काढली, दुसऱ्यातून दोन खिळे. मांडीवरच्या खोल खिशात हात घातला तर बोटांना काहीतरी मऊ लागलं. तळहाताएवढी प्लॅस्टिकची पुडी होती ती. चारी बाजूंनी बंद, आत काळं ग्रीस गच्च भरलेलं.

तो तसाच उभा राहिला. मशीनमध्ये पाणी भरतच होतं.

ही पुडी नव्या कॅमशाफ्टच्या खोक्यातून येते. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा लांब दांडा, त्याच्यावरचे उंचवटे वर टेकलेल्या दट्ट्यांना, म्हणजे टॅपेटना, ढकलून व्हॉल्व्ह उघडतात. दांडा आत घालण्याआधी एकेका उंचवट्याला आणि एकेका टॅपेटच्या तोंडाला हे काळं ग्रीस चोपडायचं असतं. इंजिन पहिल्यांदा पेटतं तेव्हाची पहिली वीस मिनिटं लोखंडाला लोखंडापासून वाचवणारं दुसरं काही नसतं. ही गोष्ट वेंडेल गेली एकेचाळीस वर्षं गावाला सांगत आला होता, चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहूनसुद्धा.

आणि या थंडीत त्याने एकाच इंजिनात नवा कॅमशाफ्ट घातला होता. लाइल ट्रॅक्सलरच्या.

लाइल शाळेची बस चालवायचा. त्याचा थोरला भाऊ डेनिस दोन वर्षांपूर्वी गेला आणि जाताना आपली सत्तर सालची ओल्ड्समोबिल लाइलला ठेवून गेला. पुढच्या झाकणाखाली चारशे पंचावन्न घनइंचांचं धूड. डेनिस ती गाडी कुणाला धुवायलासुद्धा देत नसे. पंधरा वर्षं धान्याच्या कोठारात उभी राहून इंजिन अडकलं होतं, उंदरांनी आत घरटं केलं होतं. लाइलने ते वेंडेलकडे आणलं तेव्हा दोन्ही हातांनी टोपी धरून उभा होता. "मला यातलं काही कळत नाही, वेंडेल. पण डेनिसला आवडेल असं कर."

वेंडेलने केलं. सगळा हिवाळा त्यात घातला. सिलिंडर घासून मोठे केले, पिस्टन नवे घातले, व्हॉल्व्ह बसवले. वेंडेलची पद्धत अशी की प्रत्येक इंजिनाचं एक जाड कार्ड असायचं. त्यावर कामांची यादी आणि काम झालं की समोर पेन्सिलीची खूण. गावात त्या कार्डांचं मोठं नाव होतं. रकमनचं कार्ड आहे म्हटलं की जुनी गाडी घेणारा पुढे काही विचारत नसे.

मग आला डायनोचा दिवस. शेडच्या मागच्या खोलीत वेंडेलचा डायनो होता. बंद पडलेल्या एका शर्यतवाल्याकडून त्याने तो विकत घेतला होता. इंजिन लोखंडी घोडीवर बांधायचं, शेपटाला पाण्याचा ब्रेक जोडायचा, काचेच्या पलीकडे उभं राहून ताकद मोजायची. आणि रीत अशी की इंजिन पहिल्यांदा पेटवताना वेग वाढवणारा थ्रॉटलचा दांडा मालकाच्या हातात द्यायचा. वेंडेलच्या बापाने ट्रॅक्टरच्या काळात पाडलेली रीत होती ती.

"पेटलं की लगेच मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर न्यायचं," वेंडेलने लाइलला बजावलं होतं. "वीस मिनिटं खाली येऊ द्यायचं नाही. हात सोडायचा नाही."

इंजिन पेटलं. इतका आवाज झाला की लाइल दचकला आणि दांडा त्याच्या हातून निसटला. आठ-दहा सेकंद इंजिन संथ गुरगुरत राहिलं, मग वेंडेलने हात घालून ते वर नेलं. वीस मिनिटं झाली. मग मोजणी. पहिल्या खेपेला चारशे दोन अश्वशक्ती. दुसऱ्या खेपेला तीनशे एक्क्याण्णव. तिसऱ्या खेपेला तीनशे चौऱ्याहत्तर. ताकद पाणी झिरपावं तशी उतरत होती. झाकण काढून पाहिलं तर सोळातले दोन व्हॉल्व्ह नुसते मान डोलावल्यासारखे हलत होते. कॅमशाफ्टचे उंचवटे झिजून सपाट झाले होते आणि लोखंडाचा चुरा तेलातून सगळीकडे गेला होता.

लाइलने तेव्हा एवढंच विचारलं होतं, "माझा हात सुटला म्हणून का हे?"

प्रश्न त्याने स्वतःहूनच विचारला होता. वेंडेलला नुसतं 'बघावं लागेल' म्हणता आलं असतं. तो म्हणाला, "बहुतेक."

आणि सोमवारी डॉटच्या खाणावळीत, रोजच्या मंडळींतल्या गसने विचारलं तेव्हा तो 'बहुतेक'सुद्धा म्हणाला नाही. "हात सोडला त्याने," असं म्हणून त्याने खिशातलं कार्ड काढून सगळ्यांसमोर ठेवलं. ओळीने सगळ्या खुणा. काळ्या ग्रीसपुढेही खूण.

"काय सापडलं?" नोरीनने विचारलं. मशीन भरून थांबलं होतं आणि वेंडेल झाकण लावत नव्हता.

पुडी खिशात घालणं सोपं होतं. त्याने ती तिच्यासमोर टेबलावर ठेवली. चाळीस वर्षांच्या संसारात असल्या पुड्या तिने खूप पाहिल्या होत्या.

"लाइलच्या इंजिनातली?"

"हो."

"मग त्याचा हात?"

वेंडेल सिंकच्या खिडकीतून बाहेर बघत राहिला. "कॅमशाफ्ट हातात होता, तेव्हाच पास्टरचा फोन आला. चर्च गरम ठेवणारी भट्टी बंद पडली होती, तळघरात पाणी. हात तेलकट म्हणून पुडी खिशात टाकली. दोन तासांनी आलो तर दांडा तेलाने काळा दिसत होता. मला वाटलं, लावलंय."

"आणि खूण?"

"खुणा मी संध्याकाळी करतो. एकदम."

"म्हणजे चर्चच्या कामाला गेलास म्हणून—"

"तसं नाही म्हणायचं मला."

"नकोच म्हणूस," नोरीन म्हणाली. ती रागावली नव्हती, त्याला राग बरा वाटला असता. "तो गाडी विकतोय, ठाऊक आहे ना? फोर्ट वेनचा कुणी माणूस दुपारी येतोय. गाडी आणि इंजिन, सगळं मिळून."

वेंडेलला ठाऊक नव्हतं. तीन आठवडे तो लाइलला टाळतच होता. रविवारी देणगीची थाळी फिरवताना लाइलच्या रांगेशी आला की तो थाळीकडे बघायचा. स्वतःला सांगायचा, बिचाऱ्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून बघतोय.

शनिवारी नऊला लाइल खाणावळीत असायचा. वेंडेल पुडी शर्टाच्या खिशात घालून गाडीत बसला. वाटेत त्याने शब्द जुळवले, दोनदा मोठ्याने म्हणूनही पाहिले.

लाइल तिथे नव्हता. त्याच्या नेहमीच्या स्टुलापुढे कुणीतरी पुठ्ठा चिकटवला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत, 'हात सोडू नये'.

"ये राजा, उशीर केलास," डॉटने कप भरला. "अंडी नेहमीसारखी?"

"लाइल आला नाही?"

"येईल कसा?" गस म्हणाला. गसचं तोंड शनिवारी जरा जास्तच चालायचं. "मागच्या आठवड्यात डॉटने त्याला कॉफी दिली तर मी म्हटलं, अगं, दोन्ही हातांत दे, नाहीतर मध्येच सोडेल."

सगळे हसले. आणि वेंडेलही हसला. हसू तोंडातून निघून गेल्यावर त्याला कळलं की तो हसला. पुडी छातीला चिकटून होती. अंडी समोर आली, ती तशीच ठेवून तो उठला. डॉट म्हणाली, "बरं नाही का रे?" त्याने मान हलवली. मेल्याहून मेल्यासारखं होणं हे तो आजवर नुसतं ऐकत आला होता.

लाइल घरासमोर ओल्ड्समोबिल पुसत होता. गाडी लाल, पॉलिश इतकी की ढग दिसावेत. पुढचं झाकण उघडं होतं आणि आत इंजिनाच्या जागी पोकळी. इंजिन शेजारी लाकडी पाटावर, ताडपत्रीखाली.

"लवकर आलास," लाइल पाठमोराच म्हणाला. मग वळून पाहिलं. "अरे, तू होय. मला वाटलं फोर्ट वेनवाला."

वेंडेलने जुळवलेले शब्द कुठे गेले कुणास ठाऊक. त्याने पुडी काढून गाडीच्या छपरावर ठेवायला हात उचलला, मग रंगाला लागेल म्हणून थांबला आणि लाइलच्या हातात दिली.

"काय हे?"

"हे तुझ्या कॅमशाफ्टला लावायचं होतं. मी लावलं नाही. विसरलो. आज धुण्यात सापडलं."

लाइलने पुडी अंगठ्याने दाबून पाहिली. ग्रीस एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलं. "कार्डावर खूण होती."

"खूण खोटी होती."

"पण हात तर सुटला होता माझा. दहा सेकंद तरी."

"दहा सेकंदांनी एवढं होत नाही." इथे थांबता आलं असतं. पण नोरीनचा तो न रागावलेला आवाज अजून कानात होता. "ते मला त्या दिवशीही ठाऊक होतं, लाइल. पुडीचं ठाऊक नव्हतं. पण तुझ्या हाताने हे झालेलं नाही, एवढं ठाऊक होतं."

लाइलने फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"मी आईला सांगितलं," तो म्हणाला. "वृद्धाश्रमात जाऊन. डेनिसची गाडी मी घालवली म्हणून. ती काय म्हणाली माहितेय? म्हणाली, जाऊ दे, तुझ्या हातात काही द्यायला डेनिस नाहीतरी भीतच असायचा."

वेंडेलने मान खाली घातली.

"शाळेतली मुलंसुद्धा बसमध्ये चढताना म्हणतात, मिस्टर ट्रॅक्सलर, हात सोडू नका. मुलं आहेत, त्यांचं काय. घरी ऐकतात तेच बोलणार." त्याने पुडी परत वेंडेलच्या हातात ठेवली. "आणि तू हे मला इथे सांगतोयस, माझ्या अंगणात. माझा हात सुटल्याचं मात्र तू तिथे, खाणावळीत सगळ्यांसमोर सांगितलं होतंस."

"चल माझ्याबरोबर. तुझ्यासमोर सांगतो."

"मी नाही येणार. तू सांगत असताना तुझ्या तोंडाकडे बघायची मला इच्छा नाही. चाळीस वर्षं ओळखतो मी तुला." तो पुन्हा गाडी पुसायला लागला. "साडेबाराला माणूस येतोय. त्याच्या आत काय ते कळव."

वेंडेल आधी घरी गेला. शेडमधून कार्ड घेतलं. नोरीनने मशीनचा आवाज का येत नाही असं विचारलं, तेव्हा तो "आलोच" म्हणाला. तिने डोळे मिटले होते, ओठ हलत होते. कुणासाठी, ते त्याने विचारलं नाही.

खाणावळीत गस आणि मंडळी अजून तिथेच होती. वेंडेल बसला नाही. लाइलच्या स्टुलापुढे कार्ड ठेवलं, त्यावर पुडी ठेवली.

"ही मी फोडलीच नाही," तो म्हणाला. "कॅमशाफ्ट ग्रीसशिवाय घातला. लाइलने काही केलं नाही."

गसने पुडीकडे पाहिलं, मग कार्डाकडे. "पण इथे तर खूण आहे."

"संध्याकाळी सगळ्या एकदम केल्या. नेहमी तशाच करतो."

"नेहमी?" गसचा आवाज बदलला. "माझ्या ट्रकच्या इंजिनाला केल्यास, त्यासुद्धा?"

हा प्रश्न येईल हे वेंडेलच्या मनातच आलं नव्हतं. एकेचाळीस वर्षांची कार्डं शेडमधल्या फळीवर ओळीने उभी होती, बापाच्या फोटोखाली.

"हो. तुझ्यासुद्धा."

गसने कप बाजूला सारला आणि खिडकीबाहेर, आपल्या ट्रककडे बघत बसला. टेबलाशी बसलेलं दुसरं कुणी 'असू दे रे' म्हणालं नाही. डॉट पुढे आली, नखाने कोपरा उचकटून तिने तो पुठ्ठा काढला, घडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"मीही हसले होते," ती स्वतःशीच म्हणाली. मग फोन काउंटरवर ठेवून त्याच्याकडे सरकवला.

लाइलने दुसऱ्या घंटेला उचलला. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"गस काय म्हणाला?"

"त्याच्या ट्रकचं विचारलं."

पलीकडून नाकाने हसल्यासारखा आवाज आला. तेवढाच, पुन्हा नाही. "फोर्ट वेनवाल्याला मी नको म्हणून कळवतो. पण एक ऐक. तू ते इंजिन परत बांधशील तेव्हा मी शेजारी उभा राहणार. खुणा मी करणार. एकेक काम झालं की एकेक. मला यातलं कळत नाही, पण तू बोट दाखवलंस की मला दिसतं."

"बरं."

"आणि आईला तू सांगायचंस."

"उद्या चर्च सुटलं की जातो."

लाइलने फोन ठेवला. वेंडेलने कार्ड उचललं, काळ्या ग्रीससमोरची खूण खोडायला पेन्सिल शोधली. सापडली नाही, ती मागच्या खेपेला मशीनमध्ये गेली होती. डॉटने ऑर्डर लिहायचं पेन दिलं. त्याने खुणेवर निळी रेघ मारली, गसला दिसेल अशी.

"अंडी गरम करून देऊ?"

"नको, डॉट."

सव्वाअकरा झाले होते. पार्टचं दुकान शनिवारी बाराला बंद होतं. तिथे जाऊन त्याला एक कॅमशाफ्ट आणि सोळा टॅपेट मागवायचे होते.