खो-खोच्या बाई आणि मालगाडीचे गार्ड

आमच्या खेळाच्या बाईंशी भांडायला कुणी आलं, की त्या त्याला काम देत. शाळेमागच्या ग्राउंडची धूळ स्वयंपाकघरात येते म्हणून तणतणत आलेल्या शेजारणीला त्यांनी मॅचच्या आधी ग्राउंडवर पाणी मारून घ्यायची जबाबदारी दिली. पोरींच्या ओरड्यानं डोकं उठतं म्हणणाऱ्या एका आजोबांच्या हातात त्यांनी पत्र्याचा भोंगा ठेवला. कोण बाद झालं, ते तुम्हीच ओरडून सांगा, म्हणाल्या. आजोबा इतक्या हौसेनं ओरडू लागले, की शेवटी त्यांच्या सुनेनं बाईंकडे तक्रार केली. मी पुढं शाळांच्या आणि जिल्ह्याच्या खेळ समित्यांवर केस पांढरे केले, सेक्रेटरी झाले, अध्यक्षांच्या मिनतवाऱ्या केल्या. पण माणूस कामाला लावायची ही हातोटी मला बाईंच्या निम्म्यानंही जमली नाही. भांडायला आलेल्या माणसाशी मी सरळ भांडत बसते.

पोलाद कारखान्याची भिलाई तेव्हा उभी राहत होती. सगळीकडे बुलडोझर, खडी आणि लाल माती. रशियातून मशिनरी येई, तिच्या खोक्यांच्या फळ्या बाईंनी कुणाकुणाच्या मागं लागून मिळवल्या होत्या. पाहुण्यांसाठी केलेल्या बाकांवर म्हणून रशियन अक्षरं असत, आणि बँकेचे मॅनेजर असोत की इंजिनिअरीणबाई, ती अक्षरं पाठीमागं उमटवूनच घरी जात. बाई नागपूरच्या. तिकडच्या एका मंडळात स्वतः खो-खो खेळलेल्या. लग्न केलेलं नव्हतं, आणि तेवढ्यावरून लोकांनी त्यांच्याबद्दल काय काय बोलावं, ते आता लिहितानाही मला चीड येते. दिवसा आमच्या सेक्टरच्या शाळेत शिकवायच्या आणि संध्याकाळी कॅंप-वन या मजूरवस्तीत जाऊन कामगारांच्या मुलींची दुसरी टीम तयार करायच्या. पगार फक्त शिकवण्याचा. बाकीची सगळी उस्तवार हौसेची.

माझे बाबा मालगाडीचे गार्ड होते. दल्ली-राजहऱ्याहून लोखंडाचा दगड आणि नंदिनीहून चुनखडी कारखान्यात यायची, त्या गाड्यांच्या शेवटच्या डब्यात बाबा. घरीही ते गार्डच होते. जेवायची वेळ, झोपायची वेळ, आईनं शेजारी गप्पा मारायची वेळसुद्धा ठरलेली. मी दहावीत होते आणि त्यांनी सांगून टाकलं होतं, की हे वर्ष संपलं की ग्राउंड बंद. पुढं अकरावीचा अभ्यास, मग नागपूरकडचं एखादं स्थळ. त्या वर्षी आमची टीम आणि कॅंप-वनची टीम यांच्यात मॅच होणार होती आणि जिंकणारी टीम बिलासपूरला विभागाच्या स्पर्धेत जाणार होती. मला बिलासपूरला खेळायचं होतं. एकदा, फक्त एकदा. बाबांना विचारायची हिंमत नव्हती, म्हणून मी बाईंपुढं रडले.

बाई दुसऱ्याच दिवशी आमच्या क्वार्टरवर आल्या. बाबा नुकतेच ड्यूटीवरून आलेले, पाय धुऊन बसलेले. बाई दिसताच त्यांनी सुरुवातच केली.

"बाई, पोरीच्या जातीनं चार लोकांत कावून पळावं? आन् दोन दिवस बाहेरगावी? मले हे पटत नाही."

मला वाटलं, आता बाई भाषण देतील. बाईंनी आईनं दिलेला चहा शांतपणे घेतला.

"मी तिच्यासाठी नाही आली," त्या म्हणाल्या. "मले टाइमकीपर पाह्यजे. मागच्या मॅचले आमच्या केमिस्ट्रीच्या सरांले बसवलं, तं ते मॅच पाहण्यात दंग झाले आन् घड्याळच विसरले. पोरी धावून धावून रडकुंडीले आल्या. घड्याळाचा पक्का माणूस गावात कोण, असं विचारलं तं सारे तुमचंच नाव घेऊन राहिले."

बाबांनी मिशीवरून हात फिरवला. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि घाईनं आत गेली, कारण तिला हसू येत होतं.

"घड्याळ पाहणं वेगळं आन् परवानगी देणं वेगळं," बाबा म्हणाले.

"मी कुठं परवानगी मागून राहिली?"

त्या रविवारपासून बाबा ग्राउंडवर. डोक्यावर टोपी, हातात रेल्वेचं घड्याळ, गळ्यात शिट्टी. नियम त्यांनी बाईंकडून असे समजून घेतले, जणू रेल्वेची परीक्षा द्यायची आहे. घरी येऊन आईला सांगायचे, मागून खो मिळाल्याशिवाय गड्यानं जागेवरून उठायचं नाही, हा नियम फार चांगला आहे, घरातही पाहिजे. एकदा मी भीत भीत बिलासपूरचं काढलं, तर म्हणाले, "आधी जिंका. मग पाहू." आमच्या घरात "पाहू" म्हणजे जवळजवळ हो असायचं. मी हवेत होते.

मॅचच्या दिवशी ग्राउंडभोवती ही गर्दी. कॅंप-वनमधून मुलींचे बाप आले होते. कुणी तेलुगू, कुणी ओडिया, कुणी छत्तीसगढी. ते आले होते ते मुख्यतः नजर ठेवायला. आपल्या मुली बिलासपूरला पाठवणार नाही, हे त्यांनी बाईंना आधीच बजावलं होतं. बाई म्हणजे एकटी बाईमाणूस, तिच्या भरवशावर मुली कशा सोडायच्या? म्हणजे त्यांच्या मुली जिंकल्या तरी जाणार कोण, हा प्रश्न होताच. बाईंनी तो कुणाला बोलून दाखवला नाही. मला मात्र ठाऊक होता, आणि माझ्या मनात पाप होतं, की त्या जिंकून तरी काय करणार आहेत.

कॅंपच्या मुली पहिल्या डावात आमच्या पुढं होत्या. बरोबरी झाली तर पहिल्या डावात पुढं असलेली टीम जिंकणार, असं बाईंनी सुरुवातीलाच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. शेवटच्या पाळीत आम्ही पाठलाग करत होतो. एकेक गडी टिपत आम्ही बरोबरीला आलो. आणखी एक गडी मारला की बिलासपूर. वेळ संपत आली होती. तेवढ्यात आमचीच एक मुलगी खो घेऊन उठताना अडखळली आणि ओळीच्या मधोमध पालथी पडली. क्षणभर सगळं थबकलं. मग ती उठली, दोन पावलं धावली, मला खो दिला, आणि मी झेप घेऊन पुढच्या मुलीच्या पाठीवर थाप मारली. भोंग्यातून आजोबा ओरडले, शिट्टी वाजली, आणि आमच्या मुलींनी मला उचललं.

मी वरून पाहिलं. बाबा खुर्चीवरून उठून बाईंकडे चालले होते. चेहरा पांढराफटक.

"बाई, हा गडी धरू नका," ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू गेलं, कारण बाबांना हळू बोलता येत नसे. "टाइम आधीच झालता. पोरगी खाली पडली आन् माहा हातच वर नाही गेला. शंटिंगमंदी दोन डब्यांच्या मधात माणूस असला का गार्ड शिट्टी वाजवत नाही, बाई. वाजवली का गाडी हालते, माणूस चेंगरते. मले वाटलं, ते उठू दे पहिले. चूक माही आहे."

खरंच तर होतं. रेल्वेत शिट्टी वाजली की चाकं सुटतात आणि ग्राउंडवर शिट्टी वाजली की सगळे थांबतात, हे बाबांच्या डोक्याला कळलं होतं. हाताला कळलं नव्हतं.

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कॅंप-वन जिंकल्याचं जाहीर केलं.

मी बाबांशी बोलले नाही. घरी येऊन पालथी पडून राहिले. आई समजवायला आली, तर तिच्यावरही खेकसले. इतक्या लोकांत कुणालाही कळलं नसतं, आणि माझ्याच बापाला सत्य सुचावं! रागानं माझे कान गरम झाले होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं ते आणखी भारी होतं. कॅंपातले बाप मॅचनंतर बाईंना भेटले होते. त्यांच्यातला एक म्हणाला होता, "जो आदमी अपनी बेटी को हरा दे, उसके साथ हमारी लड़कियाँ जाएँगी. गार्ड साहब को भेजो." बाकीच्यांनी माना डोलावल्या. आणि बाबांनी रजेचा अर्ज टाकलासुद्धा! आपली मुलगी दोन दिवस बाहेरगावी पाठवायची नाही म्हणणारा हा माणूस, लोकांच्या मुली घेऊन बिलासपूरला निघाला होता. मी घरी राहणार होते.

मी तरातरा बाईंकडे गेले. जे तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

"पोरी मले केव्हाबी भेटतात," त्या म्हणाल्या. "कॅंपातले बाप मले दारातूनच वापस पाठवून राहिले होते. मले एक बाप पाह्यजे होता. ज्याच्यावर बाकीचे बाप भरोसा करतीन असा."

"पण तो माझा बाप आहे!" मी ओरडले.

"हो," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "तुह्या वाट्याचं मी त्याईले देऊन राहिली. मले समजते ते."

मी त्यांना तेव्हा माफ केलं नाही. पण ज्या कामाचा कुणी पैसा देत नाही, त्यात आपल्या लाडक्या मुलीचं रडणंही सोसावं लागतं, हे मी त्यांच्या तोंडावर त्या दिवशी पाहिलं. पुढं माझ्यावर तशी वेळ आली, तेव्हा त्यांच्यासारखं मान वर ठेवून उभं राहायला मला फार कष्ट पडले.

बाबा आणि बाई त्या मुलींना घेऊन गेले आणि घेऊन आले. आईनं मला मुद्दाम वाढायला लावलं. बाबा जेवायला बसले. त्यांच्या टोपीवर लाल धूळ होती आणि आवाज पार बसला होता.

"काय झालं तिथं?" आईनं विचारलं.

"हारलो. पहिल्याच मॅचले." त्यांनी दोन घास खाल्ले. "पोरी जिवाच्या आकांतानं खेळल्या. पण शेवटी गडी टिपायले कोणी नव्हतं." मग माझ्याकडे न पाहता ते आईला म्हणाले, "ही असती तं आपण हारलो नसतो."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. बाबांनी माझ्या खेळाबद्दल चांगलं बोलण्याची ती पहिली वेळ होती. मी मान खाली घातली, पण डोळ्यांतलं पाणी भातात पडलंच.

आईला तेवढ्यात व्यवहार आठवला. पुढच्या साली नागपूरकडचे लोक पोरीला पाहायला येतो म्हणून राहिले आहेत, ती म्हणाली, त्यांना काय कळवायचं?

बाबांनी ताटातला भात कालवला.

"येऊ दे," ते म्हणाले. "आले का ग्राउंडवर घेऊन येजो त्याईले. पोरगी खेळतानी पाहून घेतीन."