निकेतने कर्नल सोपं केलं

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५. पाणी उशिरा आलं. रद्दीवाला येऊन गेला. दुपारी गेटचे कॅमेरे बंद पडले. निकेत म्हणतो, दोष कॅमेऱ्यांचा.

एवढं लिहून अनसूयाबाईंनी पेन खाली ठेवलं. कर्नलमध्ये, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ कोडमध्ये, आपलं नाव यावं याचं त्यांच्या मुलाला, निकेतला, वेडच लागलं होतं. त्याचे दोन पॅच, म्हणजे सुचवलेले बदल, कर्नल सांभाळणाऱ्यांनी परत पाठवले होते. हा तिसरा.

एखादा प्रोग्रॅम नेटवर्कला सांगतो, निरोप किती दूर जाऊ द्यायचा, किती वेळ थांबायचं. या सूचनांना सॉकेट ऑप्शन म्हणतात. त्या तपासायचा कोड कर्नलमध्ये जागोजागी, ज्याने त्याने आपापल्या परीने लिहिलेला. निकेतने तो गोळा करून एकच नियम केला: सूचना चार बाइट लांबीचीच हवी, नाहीतर चालतं व्हा. निम्मा कोड उडाला. मग आठवडाभर सोसायटीत, सिल्व्हर पार्कात, भेटेल त्याला हे ऐकावं लागलं. भाजीवालाही सुटला नाही.

पाठवण्यापूर्वी साहेबांनी पॅच चालवून पाहिला, तोही सोसायटीच्या कॅमेऱ्यांच्या संगणकावर. स्वतःच्या लॅपटॉपला धोका नको ना!

सेक्रेटरी दाजी सावंत दारातूनच ओरडले, "अरे निकेत, पडद्यावर नुसता काळोख! चोरांना आमंत्रण देतोयस काय?"

"दाजी, तुमचा कॅमेऱ्यांचा प्रोग्रॅम जुनाट आहे. एकाच बाइटमध्ये सूचना देतो. जुना कोड असल्यांचे लाड करायचा."

"काल चालत होता ना?"

"हो, पण चुकीचा चालत होता."

"वा!" निकेतची बायको समिधा आतून म्हणाली. "म्हणजे आता बरोबर बंद आहे."

दाजी हसत गेले. निकेत मात्र पॅच पुन्हा उघडून बसला. चालता प्रोग्रॅम बंद पाडणारा बदल कर्नलवाले घेत नाहीत; पॅच असाच पाठवला तर तोही परत येणार, हे त्याला कळून चुकलं होतं. एका बाइटवाल्यांना पुन्हा आत घ्यावं, तर निम्म्या कोडची फुशारकी गेली.

"आई, तू तरी सांग काय करू?"

"मला त्यातलं कळत नाही रे. पण लोकांना सांगून झालंय, एवढंच अडतंय ना तुझं?"

त्याने एका बाइटवाल्यांची सोय परत घातली, कॅमेरे सुरू केले आणि पॅच पाठवला. दिवेलागणीला उत्तर आलं: स्वीकारला. कोड कमी झाला होता तो मूठभर ओळींनी. दाजींना पेढे द्यायला त्याने मुलीला, सान्वीला, धाडलं. "किती ओळी गेल्या ते विचारलं तर सांगू नकोस," हेही बजावलं.

अनसूयाबाईंनी लिहिलं: रात्री पिठलं-भात. कढीपत्ता संपला.