वाघाची खबर आणि उत्तेजनार्थ बक्षीस

मोबाईल अॅपच्या स्पर्धेत आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, हे माझे बाबा अजूनही पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. मी तेव्हा उठून स्वयंपाकघरात जाते. त्या बक्षिसाचा मला राग येतो, आणि तो ओसरावा अशी माझी इच्छाही नाही.

अॅप आम्ही दोघींनी केलं होतं. मी राजुऱ्याची, आणि माझी मैत्रीण आलापल्लीपलीकडच्या जंगलातल्या गावची. चंद्रपूरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. तिची आई मोहफुलं वेचायला जाते. मोहाच्या दिवसांत बायका अंधारातच हातपंपापाशी जमतात आणि मिळून जंगलात शिरतात. आदल्या हंगामात त्यांच्यातल्या एकीला वाघाने नेलं. पलीकडच्या वस्तीतल्या लोकांनी संध्याकाळीच वाघाचे पंजे उमटलेले पाहिले होते. तिथून एक जण सायकलवर इकडे आलाही, पण त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. फोन लावावा तर नेटवर्क नाही. तेव्हापासून मोहाचं नाव निघालं की मैत्रिणीच्या घशाखाली घास उतरेना.

त्यावर आम्ही अॅप केलं. पंजा दिसला की फोनमध्ये गोंडीत बोलायचं, बस. तो फोन खिशात घालून माणूस जिथे जाईल तिथल्या फोनमध्ये खबर आपोआप उतरते. हातपंपाशी बायका जमल्या की सगळ्यांना ऐकू येते. टॉवर नको, नेट नको. पहिलं येणारं अॅप स्पर्धेचे आयोजक मोहाआधी गावोगावच्या फोनमध्ये टाकून देणार होते. आम्हाला तेवढंच हवं होतं.

आम्ही फोनमधली सिमकार्डं काढूनच मंचावर गेलो. मैत्रिणीच्या गावात कुणालाही यातलं मर्म कळलं असतं. ते तोंडाने वेगळं सांगावं लागेल असं आमच्या मनातही आलं नाही. एक परीक्षक प्रेमाने म्हणाले, "नेट गेलं वाटतं. माझा हॉटस्पॉट देऊ का?"

"नको सर, आम्हीच काढून ठेवलंय," मैत्रीण म्हणाली. सगळं सभागृह हसलं.

निकाल सांगताना तेच परीक्षक माईकवर म्हणाले, "ऐन वेळी नेट गेलं, तरी या मुलींनी धीर सोडला नाही!" टाळ्यांचा कडकडाट. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धीर कसला डोंबलाचा! पहिल्या आलेल्या अॅपमध्ये नकाशावर वाघाचा पिवळा ठिपका चालायचा. दिसायला झकास, आणि नेट नसलं की ठार बंद. मी खाली उतरून परीक्षकांना गाठलं, जंगलात नेटवर्क नसतं हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणूनच पुढच्या वेळी नेटची सोय करून या, बेटा."

बाहेर मैत्रीण एवढंच म्हणाली, "मायले आता काय सांगू मी?"

मग आम्ही स्वतःच तिच्या गावात आणि पलीकडच्या वस्तीत घरोघरी फिरून आमचं अॅप टाकलं. मोह पडायला लागला. खबरा इकडून तिकडे जाऊ लागल्या. मैत्रीण जेवू लागली.

हंगामाच्या मध्यावर पेपरात फोटो आला. हातपंपाशी बायका फोन धरून उभ्या, पुढे मैत्रिणीची आई, आणि खाली लिहिलेलं की विजेत्या अॅपमुळे मोह वेचणाऱ्या महिला निर्धास्त. आईच्या हातातल्या फोनवर आमचं अॅप उघडलेलं होतं. आमच्या अॅपवर त्यांचं नाव! मी पेपर घेतला आणि मिळेल त्या एसटीने निघाले. काय काय बोलायचं ते रस्ताभर घोकत होते.

मैत्रिणीची आई अंगणात मोह वाळत घालत होती. तिने फोटो पाहिला आणि हसली. "ते पयल्या नंबरवाले आले. फोटोत मोबाईल चालू दिसला पाह्यजे म्हणे. मी तुमचंवालं उघडलं."

"अन् मग?"

"मंग त्याइनं सगळ्याइचे फोन घेतले. जागा नाई म्हणे. तुमचंवालं काढलं अन् त्याइचंवालं टाकलं. ते नुसतं गोल गोल फिरूनच राह्यलं."

"म्हणजे तेव्हापासून वाघाची खबर नाही?"

"कुठची खबर, पोरी?"

"आणि तुम्ही तरी जंगलात जाता?"

तिने हातातली फुलं पसरवत माझ्याकडे पाहिलं. "जाऊनच राह्यलो ना. मोह पडाचा थांबते काय?"