बसलेल्या माणसाचा कोट

चुणीबाईचं खरं नाव तिच्या गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. ती कपडे करायची, पण ते कुणाच्या हाताला लागायचे नाहीत. संगणकात एक जग आहे. तिथे लोक स्वतःसाठी एक अंग निवडतात, त्याला अवतार म्हणतात आणि ते घेऊन रस्त्यांवरून हिंडतात, गप्पा ठोकतात, नाचतात, भांडतातसुद्धा. आता अंग आलं म्हणजे कपडे आलेच. तिथले बाकीचे शिंपी असे कपडे करत, की जणू आत्ताच डब्यातून काढून पुठ्ठ्यासकट अंगावर चढवलेत. चुणीबाईला ते बघवत नसे. "माणूस कोपरात वाकतो की नाही? मग बाहीला चुण्या नकोत?" असं ती तावातावाने विचारायची. तिच्या विजारींचे गुडघे किंचित फुगलेले असत, खिशांच्या कडा हात घालून घालून सैल पडलेल्या असत. लोकांनी आधी टर उडवली, हे नाव चिकटवलं आणि मग तिच्याचकडे रांग लावली.

त्याआधी ती कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करायची. कारखाना बंद पडला, तेव्हा भाचीने तिला हे सॉफ्टवेअर शिकवलं. शिकवता शिकवता भाचीच्या नाकी नऊ आले, पण मावशी काही हटली नाही.

घरात चुणीबाई आणि तिचा थोरला भाऊ, दोघंच. दादा बसचा ड्रायव्हर होता. कण्याच्या दुखण्यात त्याच्या पायांतली ताकद गेली, चाकांची खुर्ची आली आणि त्याने स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. डेपोतली माणसं भेटायला आली की हा झोपेचं सोंग घ्यायचा. चुणीबाईने समजावून पाहिलं, चिडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. दादा ढिम्म. हा माणूस असाच भिंतीकडे बघत एक दिवस विझून जाईल, ही एकच धास्ती तिच्या मनाला लागून राहिली होती.

खऱ्या रस्त्यावर येत नाही ना, मग निदान त्या दुसऱ्या जगात तरी माणसांत आणू, असं तिने ठरवलं. तिने त्याचा अवतार केला, उंचापुरा, रुबाबात चालणारा. त्याच्यासाठी गुडघ्यापर्यंतचा लोकरी कोट केला. मापं विचारायची गरजच नव्हती. दादाचे कपडे तिने पूर्वी कितीदा शिवले होते, मापं तिला तोंडपाठ होती. कोट असा काही उतरला की तिची तिलाच दृष्ट लागावी.

एका दुपारी तिने लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला. "चल दादा, जरा फिरून येऊ."

दादाने बहिणीचं मन राखायचं म्हणून बटणं दाबली. अवतार चालला, चौकात गेला, वळला. "छान केलंयस," दादा म्हणाला. "झालं?" तेवढ्यात त्याला बस दिसली. निळी, ड्रायव्हरची सीट रिकामी असलेली. तिथे कुणीही बस चालवू शकतं. दादा खुर्चीत सरसावून बसला. कुणाला न विचारता त्याने अवतार बसमध्ये चढवला आणि स्टिअरिंगमागे बसवला.

तिथेच घोटाळा झाला. या धंद्यात कपडा अंगाशी भांडतो, कापडातून गुडघा बाहेर येतो, म्हणून कपड्याखालचं अंग पुसूनच टाकतात. जे दिसणार नाही ते ठेवायचं कशाला? आणि कपडा बघतात तो नेहमी हात पसरून ताठ उभ्या असलेल्या अवतारावर. कोट गुडघ्यापर्यंत, म्हणून चुणीबाईने कमरेपासून गुडघ्यापर्यंत सगळं पुसलं होतं. विजारही फक्त खालची, दिसेल तेवढीच केली होती. उभ्या माणसात कुणाच्या बापाला कळलं नसतं. दादा बसला तसे कोटाचे पदर दोन्ही बाजूंना पडले आणि मध्ये काहीच नव्हतं. पोट, मग सीटचं रेक्झिन, मग अधांतरी लोंबणाऱ्या दोन नडग्या.

मागच्या सीटवरच्या दोन मुली बघायला पुढे आल्या. "अय्या, ड्रायव्हरला मांड्याच नाहीत!" म्हणून खिदळल्या. पोरींच्या मनात काही वाईट नव्हतं.

दादाने लॅपटॉप मिटला. "तुझ्या जगातही तेच की गं," एवढंच म्हणाला.

चुणीबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं. बसवून बघितलंच नाही रे. मला वाटलं, तू उभा राहशील, चालशील..."

"उभं राहायचं होतं कुणाला?" दादा कडाडला. "जन्मभर बसूनच पगार घेतला मी. मला बस चालवायची होती."

ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. स्वतःचाच भयंकर राग आला तिला. कापड कापण्यात अर्धं आयुष्य गेलेल्या बाईने समोरच्या माणसाकडे एकदाही न बघता त्याचा कोट केला होता. तिने कोट केला होता तो जुन्या दादासाठी. तो दादा तिला परत हवा होता, आणि या दादाला तिने धड विचारलंसुद्धा नव्हतं.

सकाळी ती टेप घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "हात वर कर."

"आता काय?"

"बसलेल्या माणसाचं माप घ्यायचंय."

दादाने कुरकुर केली, पण हात वर केले. तिची तोंडपाठ मापं एकेक करून खोटी ठरली. चाकं ढकलून खांदे रुंदावले होते, दंड भरले होते, पाठ एका बाजूला कलली होती. मग मांड्या आल्या. तिथे तिचा हात घुटमळला. दादा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिने टेप मांडीभोवती गुंडाळला. टोक वाटलं होतं त्याच्या कितीतरी आधी टेपला येऊन मिळालं. तिने दुसऱ्या पायाचं माप घेतलं.

या वेळी कोट पुढून आखूड केला, म्हणजे मांडीवर गोळा होणार नाही. विजार पुरती केली आणि आत पायही पुरते ठेवले. दादाने चष्मा लावून बघितलं.

"हे पाय कुणाचे?"

"थोडे भरलेत मी," ती चाचरत म्हणाली. "तिथे काय, चालतं."

"बारीक कर. आहेत तेवढेच ठेव."

"लोक बघतील, दादा."

"नव्हते तेव्हा बघितलंच ना?"

तिने ते बारीक केले. आजवर इतकं जड काम तिने केलं नव्हतं. बारीक पायावर कापड वेगळंच पडतं, एका अंगाला ढळतं, गुडघ्याखाली पोकळ राहतं. रोज डोळ्यांसमोर असलेल्या त्या चुण्या ती पहिल्यांदाच नीट बघत होती. अडलं की उठून दादाच्या खोलीत जायची, निरखायची आणि परत येऊन काढायची. दादा मुकाट बसून राहायचा, फक्त एकदा म्हणाला, "डावा अजून जरा बारीक."

मग एका दुपारी दादा आपल्या खोलीत बसला, दार लावून. चुणीबाई शेजारच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. तिचा अवतार बसच्या मागच्या सीटवर होता. बस हलली. वळणावर दादाने आधी बाहेरून घेऊन मग ऐटीत आत घातली. थांब्यावर माणसं चढली. त्यांतली एक मोठ्या हॅटवाली मुलगी सरळ पुढे गेली आणि तिने तोंडावरच विचारलं, "काका, तुमचे पाय असे का?"

आता लॅपटॉप मिटल्याचा आवाज येणार, म्हणून चुणीबाईने हेडफोन काढला.

आवाज भिंतीपलीकडून आला. दुखणं आल्यापासून या घराने तो ऐकला नव्हता. भरल्या बसच्या मागच्या दारापर्यंत जाणारा, ड्रायव्हरचा मोकळा आवाज.

"ब्रेक दाबण्यापुरते आहेत, बाळा. तू आधी दांडा धर, पुढे वळण आहे."

वळण आलं. चुणीबाईने टेबलाची कड घट्ट धरली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.