चहा नको, रिपोर्ट द्या

मोहफुलं वेचून टोपली भरून आणावी, अन् दुसऱ्या सकाळी झाडाखाली पुन्हा तेवढीच पडलेली असावी, तसं आमच्या लॅबमधल्या गोष्टींचं आहे. आमची म्हणते, पण मी तिथची नोकरदार नाई. माही नात पल्लवी चंद्रपूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बिलाच्या काउंटरवर बसते, अन् मी तिच्यासमोरच्या बाकावर. काऊन? माह्या मानेवरची गाठ काढली, तिचा तुकडा काचेवर लावला, अन् गाठ साधी का वाईट, इथच्या डॉक्टरबाईले पक्कं सांगता येईना. म्हणून ती काच नागपूरच्या मोठ्या डॉक्टरकडं गेली, मत विचारायले. काच गेली तशी माही झोपही गेली. घरी भिंती पाहत बसण्यापेक्षा इथी माणसं तरी दिसते!

* * *

शाळेचं तोंड मी पाहिलं नाई. एक दिवस पल्लवीले विचारलं, "तू दिवसभर त्या मशीनवर काय टकटक करून राह्यली?"

"आजी, आजाराले नंबर देऊन राह्यली. त्याले कोड म्हणते. विम्यावाल्याले आपली गाठ-बिठ समजत नाई, कोड समजते."

"आमच्या गावात घराले नंबर नाई, अन् इथी आजाराले आहे!"

बाकावरचे सारे हसले. मंग मी हळूच म्हटलं, "पोरी, माह्यासाठी एखादा चांगला नंबर बाजूले काढून ठेव."

पल्लवी हसली नाई. "नंबर मी निवडत नाई, आजी. रिपोर्ट सांगते तोच टाका लागते."

* * *

घुग्घुसच्या खाणीतल्या एका कामगाराच्या बायकोची काच अशीच नागपूरले गेली होती. तिचं बिल विम्यावाल्यानं परत पाठवलं. पल्लवीनं फोन लावला.

"मॅडम, पेशंट नागपूरला गेलीच नाही. मग मोठ्या डॉक्टरांनी तपासलं कोणाला?"

"सर, काच तपासली. पेशंट घरीच होती. हे काचेचंच कन्सल्टेशन आहे, कोडही तोच लावला आहे."

"ते ठीक आहे, पण पेशंट हजर असल्याचा काहीतरी पुरावा द्या. सही तरी द्या."

पोरगी सकाळपासून तेच-ते सांगून वैतागली होती. म्हणे, "सर, तुकडा हजर होता. त्याचा अंगठा घेऊन पाठवू काय?"

तिकडचा साहेब म्हणे, "राहू द्या, मॅडम." बिल मंजूर!

* * *

कुरखेड्याकडची एक सासू सुनेच्या काचा घेऊन आली. तिकडच्या दवाखान्यात सुनेच्या गाठीत सुई टोचून काढलेलं पाणी त्या काचांवर पसरून वाळवलं होतं. दुसरं मत घ्यायले इथी पाठवलं. बाईनं लुगड्याच्या घडीतून काचा काढल्या. आरशासारख्या लख्ख!

डॉक्टरबाईनं उजेडात धरून पाहिल्या. "यावर तर काहीच नाही. मावशी, काय केलं तुम्ही?"

"डाग पडले होते ना बाई. राखेनं घासून आणल्या. दुसऱ्याच्या दारी खरकटं भांडं कसं न्यावं?"

तिचंही काय चुकलं! आमच्याकडं शेजारणीची वाटी रिकामी परत देतानीही घासूनच देते. डॉक्टरबाईले धड हसता येईना, धड रागावता येईना. सुनेले बोलावलं, पुन्हा सुई टोचली.

पल्लवी कपाळाले हात लावून बसली. "आता या काचांचं बिल कशाचं करू?"

लॅबचा शिपाई सुदामभाऊ दारातून म्हणते, "भांडे घासल्याचं लाव!"

* * *

आता चहाचं सांगते. रिपोर्ट वाईट आला की आमची डॉक्टरबाई उभ्या-उभ्या सांगत नाई. माणसाले बसवते, सुदामभाऊले चहा सांगते, मंगच तोंड उघडते. मन तिचं चांगलं, पण बाकावरच्या लोकाईनं हे बरोबर हेरलं. आता कोणापुढं कप दिसला की बाकीचे डोळे मिटून घेते.

वरोऱ्याचा एक म्हातारा भर उन्हात आला, घामाघूम. सुदामभाऊले दया आली, त्यानं आपल्यासाठी आणलेला चहा त्याले दिला. म्हाताऱ्याचं तोंड पांढरंफटक! तिथूनच पोराले फोन, "ये रे बापू, लवकर ये. मले चहा दिला!"

पोरगा मोटरसायकलवर रडत आला. मागून सून आली, व्याही आला. पल्लवीनं रिपोर्ट काढला, तं साधी चरबीची गाठ!

म्हातारा सुदामभाऊवर चढला, "मंग चहा काऊन पाजला बे?"

"ऊन लागलं होतं तुमाले!"

"ऊन लागलं तं पाणी द्या लागते माणसाले! जीव घेत होता ना माहा!"

* * *

मी चहाची पक्की आहे. चहाशिवाय माहा दिवस उजाडत नाई. पण लॅबमध्ये सुदामभाऊ कप घेऊन निघाला की मी भिंतीकडं तोंड करून बसते. अन् पल्लवी? ती माह्यावरही चहाबाज. पण माही काच नागपूरले गेली तवापासून तिनं लॅबमधला चहाच सोडला. म्हणे, "ॲसिडिटी होते." नात माहीच आहे, मले कळत नाई काय!

काल नागपूरचं मत आलं. डॉक्टरबाई आत दुसऱ्या पेशंटसोबत होती, म्हणून रिपोर्ट पहिले पल्लवीच्या मशीनवर आला. ती वाचू लागली. मशीनच्या आड मले तिचं तोंड दिसेना. मी पदराले गाठ मारू, सोडू, पुन्हा मारू. उठली, पुन्हा बसली.

"पल्लवी, बोल ना वं."

टकटक झाली. थांबली.

"सुदामभाऊ, एक चहा आणा. अद्रक टाकून."

बाकावरच्या लोकाईनं डोळे मिटले. शेजारची बाई माह्यापासून जराशी सरकली, मंग लाजली अन् परत जवळ येऊन माह्या हातावर हात ठेवला. सुदामभाऊनं कप आणला. माह्या हातात द्यायची त्याची हिंमत होईना. माह्यासमोर काउंटरवर ठेवला अन् खाली पाहत उभा राह्यला.

"मले नको," मी म्हटलं. "ने तो कप, सुदामभाऊ."

पल्लवी काउंटरमागून बाहेर आली. डोळे भरलेले. माह्याकडं पाहून म्हणे, "आजी, माही ॲसिडिटी गेली!" मंग माह्यापुढचा कप उचलला, अन् तिथीच उभ्या-उभ्या, फुंकरही न मारता, सारा चहा सोताच पिऊन टाकला!